घोडा, नांगर आणि चिंच

निवृत्त माणसानं एखादा छंद लावून घ्यावा, असा सल्ला देणारे लोक त्या माणसाच्या बायकोशी कधी बोललेले नसतात. माझी नोकरी संपली तेव्हा मी आधी स्वयंपाकघर हाती घेतलं. मसाल्याचे डबे वर्णानुक्रमे लावले. हळद सगळ्यांत शेवटी, म्हणजे खालच्या खणात अगदी मागे गेली आणि आमच्या हिला रोजच्या फोडणीसाठी ओट्यापुढे साष्टांग नमस्कार घालायची वेळ आली. "घराबाहेर करण्यासारखं काहीतरी शोधा," ती म्हणाली. 'घराबाहेर' हा शब्द तिनं दोनदा उच्चारला. म्हणून मी मेटल डिटेक्टर घेतला.

न्यू जर्सीतल्या एडिसनला राहणाऱ्या माझ्या वयाच्या मराठी माणसापुढे तसे पर्याय पुष्कळ असतात. गोल्फ आहे, एकांकिका आहे, गणपतीतलं ढोलपथक आहे, नातवंडांना शुभंकरोति शिकवणं आहे. गोल्फला कंबर वळत नाही, एकांकिकेत मला दरवर्षी 'दार उघडणारा नोकर' देतात, ढोल उचलवत नाही आणि नातवंडं अजून झालेली नाहीत. जुन्या घरांच्या आवारात यंत्र फिरवून नाणी शोधायच्या उद्योगाला कंबर, पाठांतर, ताकद आणि संतती ह्यांपैकी काहीच लागत नाही, असं माझं मत होतं. कंबरेच्या बाबतीत ते टिकलं नाही.

शिवाय हा रोग आमच्या रक्तातच आहे. वाईला आमचा वाडा होता. प्रत्येक वाड्याखाली मोहरांचा हंडा असतो आणि तो नेमका आपल्या वाटणीला आलेल्या खोलीखाली नसतो, हे वाड्यात वाढलेल्या कुणालाही ठाऊक असतं. आमच्याकडे आजोबांच्या चुलत्यांनी ढेलज खणली, त्यांच्या मुलानं बळद उपसलं आणि एका अमावस्येच्या रात्री तुळशीवृंदावनही जागचं हललं. मिळकत म्हणजे एक फुटका पाटा, अडकित्त्याचा एक पाय आणि पुढच्या दोन पिढ्यांना पुरेल एवढं वैर. कायद्याचीही आडकाठी होती. १८७८ चा गुप्तधनाचा कायदा म्हणतो की जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही पुरलेलं सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवावं. व्हिक्टोरिया राणीच्या काळात दहा रुपये ही भारदस्त रक्कम होती. आजच्या भावानं बघायचं तर कुणाचा विसरलेला खिळ्यांचा डबा सापडला तरी कलेक्टर कचेरी गाठायला हवी. आमच्या घराण्यानं कलेक्टरला तसदी दिली नाही. पाटा फुटका होता.

अमेरिकेत सरकारी जमिनीचे नियम कडक आहेत. राष्ट्रीय उद्यानात यंत्र घेऊन फिरायचं नाही, आणि १९७९ च्या कायद्यानं केंद्र सरकारच्या जमिनीतली शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू परवान्याशिवाय उकरणं हा गुन्हा आहे. खासगी जमिनीवर मात्र मालकानं हो म्हटलं की झालं. म्हणजे कलेक्टरऐवजी एखाद्या म्हाताऱ्या बाईला पटवायचं. हे मला जमण्यासारखं वाटलं.

माझं ध्येय पक्कं होतं. फिलाडेल्फियाची टांकसाळ १७९२ साली उभी राहण्याआधी इथल्या काही राज्यांनी आपापली तांब्याची नाणी पाडली. न्यू जर्सीनं १७८६ साली तीस लाख नाण्यांचं कंत्राट तिघांना मिळून दिलं. तिघांनी आधी भागीदारी केली, मग भांडणं केली, मग कोर्टकचेरी केली. वाचताना मला एकदम घरी गेल्यासारखं वाटलं. त्यांची एक टांकसाळ रॉवेला होती. आमच्या घरापासून गाडीत तीन-चार हिंदी गाणी होईतो रॉवे येतं. नाण्याच्या एका अंगाला ढाल आणि 'ई प्लुरिबस उनुम' हे लॅटिन बोधवाक्य, जे नंतर अमेरिकेच्या नाण्यांवर कायमचं बसलं. दुसऱ्या अंगाला घोड्याचं मुंडकं आणि त्याच्याखाली नांगर. घोडा आणि नांगर! सातारा जिल्ह्यातल्या माणसासाठी ह्याहून घरचं नाणं इंग्रजी मुलखात कोण पाडणार होतं? जमिनीखाली कुठेतरी तो घोडा दोनशेहून जास्त वर्षं माझीच वाट बघत उभा आहे, अशी माझी खात्री झाली.

यंत्राचं काम तसं सरळ आहे. खालच्या थाळीत तारेची वेटोळी असतात. एकातून उलटसुलट वीज खेळते आणि जमिनीत चुंबकीय क्षेत्र उतरतं. तिथे धातू असला तर त्याच्या अंगात विजेचे बारीक भोवरे उठतात आणि त्यांची चाहूल दुसऱ्या वेटोळ्याला लागते. ती किती मागे पडून आली, ह्यावरून यंत्र पडद्यावर आकडा दाखवतं. लोखंडाचा आकडा खालचा आणि आवाज घोगरा. तांब्या-चांदीचा आकडा वरचा आणि आवाज किणकिणता. मधली आळी मात्र बदनाम आहे. निकेलचं पाच सेंटचं नाणं, सोन्याची अंगठी आणि बिअरच्या डब्याची ओढून तोडायची कडी तिथे भिंतीला भिंत लावून राहतात. यंत्र तुम्हाला 'खाली धातू आहे' एवढंच सांगतं. बाकीचं तुम्ही स्वतःला सांगायचं असतं, आणि मी स्वतःला फार रंगवून सांगतो.

पहिला प्रयोग घरामागच्या हिरवळीवर केला. यंत्र सुरू करताच ते किंचाळलं. दोन पावलं पुढे गेलो, तिथेही किंचाळलं. डावीकडे, उजवीकडे, तुळशीच्या कुंडीपाशी, मी जिथे उभा राहीन तिथे धन. मी चार ठिकाणी खणलं, काही लागेना. धन खोल आहे, असं ठरवून पाचवा खड्डा चांगला गुडघाभर नेला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ही माझ्या पायांकडे बोट दाखवत होती. मला वाटलं, मी तिच्या पुदिन्यावर उभा आहे. तो होतोच. पण तिला बूट दाखवायचे होते. खोदकाम म्हटल्यावर सुरक्षितता हवी, म्हणून मी पुढे पोलादी वाटी बसवलेले बूट मुद्दाम विकत आणले होते.

ह्या बाबतीत माझ्या आधी एक थोर माणूस होऊन गेला, हे मी हिला लगेच सांगितलं. २ जुलै १८८१ ला अध्यक्ष जेम्स गारफील्ड ह्यांच्यावर वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकात गोळीबार झाला. एक गोळी अंगात राहिली. डॉक्टरांनी ती बोटं घालून शोधली, तीही न धुतलेली. तेव्हा टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल आपलं नवं धातुशोधक यंत्र घेऊन व्हाइट हाउसमध्ये हजर झाले. यंत्र अध्यक्षांच्या अंगावरून फिरवलं तर ते जागोजागी गुणगुणायला लागलं. पलंगाच्या गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या, आणि अशी गादी तेव्हा नवलाचीच होती. त्यातून मुख्य डॉक्टरांनी बेलना उजवी बाजूच तपासू दिली, कारण गोळी उजवीकडेच आहे असं त्यांनी आधीच जाहीर केलं होतं. ती निघाली डावीकडे, तीही मेल्यानंतर. गारफील्ड १९ सप्टेंबरला वारले ते आमच्या न्यू जर्सीतच, एल्बेरॉनच्या किनाऱ्यावर. "म्हणजे बघ, बेलला गादीनं फसवलं, मला बुटांनी," मी म्हणालो. "त्यांनी निदान टेलिफोन तरी लावला होता," ही म्हणाली, "आणि पुदिना परत लावायचा तुम्ही."

रबरी बूट आणल्यावर मी अभ्यासाला लागलो. ह्या छंदातला हा सगळ्यांत सुखाचा भाग, कारण तो बसून करता येतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचे परगण्यांचे भिंतीवर टांगायचे नकाशे मिळतात. त्यांवर प्रत्येक घराशी एक ठिपका आणि मालकाचं नाव असतं. १८६७ नंतर आगीच्या विम्यासाठी सॅनबॉर्न कंपनीनं शहरांचे नकाशे काढले, त्यांत तर भिंत विटांची की लाकडाची, हेही रंगानं दाखवलेलं आहे. पण नकाशाहून बोलकी असतात ती झाडं. घर जळून, पडून, मातीत जाऊन शंभर वर्षं झाली तरी वसंतात रानात मधेच डॅफोडिलची ओळ उगवते, लायलॅकचं झुडूप फुलतं, सदाफुलीच्या कुळातली व्हिंका जमीन धरून पसरलेली असते. कुणीतरी ती दारात लावलेली असते. दार गेलं, झाडं राहिली.

आणि नाणी कुठे पडतात? माणूस जिथे वाकतो तिथे. कपडे वाळत घालायच्या दोरीखाली, विहिरीच्या वाटेवर, पुढच्या पायरीपाशी, मोठ्या झाडाच्या सावलीत. जुना एक सेंट, १७९३ ते १८५७ ह्या काळातला, आपल्या दहाच्या नाण्याएवढा घसघशीत असे, तरी तो लोक हरवत. स्पॅनिश चांदीचे तुकडे तर अमेरिकेत १८५७ पर्यंत कायदेशीर चलन म्हणून चालत, तेही कुणाच्या ना कुणाच्या खिशातून गळत राहिले. हे सगळं वाचून झाल्यावर मला लोकांच्या पायऱ्या नीट बघायची सवय लागली. दोन घरांतून पोलिसांना बोलावण्याची भाषा झाली.

शेवटी हंटरडन काउंटीत, डेलावेअर नदीच्या बाजूला, एक अठराव्या शतकातलं दगडी शेतघर मिळालं. मालकीण ऐंशीच्या पुढची, ताठ, एकटी. एकटी म्हणजे एक कुत्रा. त्याचं नाव बिस्किट, पण अंगानं वासरू. मी दारात उभं राहून छंदाचं महत्त्व, इतिहासाचं महत्त्व आणि माझं महत्त्व ह्या क्रमानं बोलायला सुरुवात केली. बाईंचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. हिच्या हातातल्या भाकरवडीच्या डब्याकडे होतं. एक खाऊन त्यांनी पाणी मागितलं, दुसरी खाऊन परवानगी दिली. अटी तीन. खड्डे बुजवायचे. सापडेल ते सगळं आधी दाखवायचं. किमतीचं काही निघालं तर निम्मं निम्मं.

इथे खणण्याआधी ८११ ला फोन करायचा असतो. मग माणसं येऊन गॅसची नळी पिवळ्या, विजेची तार लाल आणि पाण्याची नळी निळ्या रंगानं जमिनीवर आखून देतात, तेही फुकट. मी फोन केला, रेघा मारून घेतल्या आणि त्यांचा फोटो काढून मराठी मित्रांच्या गटावर टाकला. नियमानं वागणाऱ्या माणसाला समाजात मान मिळावा, ह्या हेतूनं. एकानं विचारलं, प्लंबर झालास का?

पहिल्या शनिवारी एक लोखंडी कडी निघाली. जाड, गंजलेली, हातात घेताच शतकं जाणवावीत अशी. बाई ओसरीवर खुर्ची टाकून बसल्या होत्या, शेजारी ही. मी कडी त्यांच्यापुढे धरली आणि म्हणालो, "वसाहतकाळातली दिसते. घोड्याच्या सामानाची."

"गॅरेजच्या दाराची," बाई म्हणाल्या. "एकाहत्तर साली मोडली. मीच फेकली."

मग शिशाचा गोळा निघाला. माझ्या हाताला कंप सुटला. २८ जून १७७८ ला ह्याच राज्यात मॉनमथची लढाई झाली. पुढे त्या रणभूमीवर पुरातत्त्वाच्या लोकांनी यंत्रवाल्यांना बरोबर घेऊन शिशाच्या गोळ्या शोधल्या आणि प्रत्येक गोळीची जागा नकाशावर मांडून कोणती पलटण कुठे उभी होती, हे काढलं. गोळीपेक्षा तिची जागा मोलाची, हे वाचल्यापासून मीही वही बाळगत होतो. गोळा बाईंना दिला. त्यांनी चष्मा लावला.

"ह्याला भोक आहे."

"असेल. गोळी लागून पडलं असेल."

"गोळीला गोळी?" बाईंनी हिच्याकडे पाहिलं. "अगं, हे गळाला लावायचं वजन. माझ्या नवऱ्याला जन्मात मासा मिळाला नाही. वजनं मात्र सगळ्या अंगणात आहेत."

वहीतली त्या दिवशीची नोंद अशी: 'शिसं, एक नग. ओसरीपासून चार पावलं, लायलॅकजवळ. बाई हसल्या. ही पण.'

पुढे हा नेमच झाला. मी जमिनीतून इतिहास काढायचा आणि बाईंनी त्याचं साल कमी करायचं. मला जे अठराव्या शतकातलं वाटे ते त्यांच्या आठवणीत केनेडींच्या काळातलं निघे, आणि केनेडींच्या काळातलं वाटे ते गेल्या उन्हाळ्यातलं. एकदा चांदीचा मुलामा दिलेला चमचा मिळाला. मी तोंड उघडण्याआधी बाई आत गेल्या आणि तसलेच पाच चमचे घेऊन आल्या. सहावा हरवला म्हणून लग्नानंतरच्या पहिल्याच नाताळात त्यांनी सासूची बोलणी खाल्ली होती. त्यांनी तो पुसला, इतरांशेजारी ठेवला आणि बराच वेळ सासूबद्दल बोलल्या. हिनंही मग आपल्या सासूबद्दल, म्हणजे माझ्या आईबद्दल, मला आजवर न कळलेल्या काही गोष्टी त्यांना सांगितल्या. मी लांब जाऊन यंत्र फिरवत राहिलो. पत्र्याची एक खेळण्यातली मोटार सापडली, ती त्यांच्या मुलाची. तो आता फ्लोरिडात दातांचा डॉक्टर आहे. फोनवर कळताच त्यानं ती पोस्टानं मागवून घेतली. टपालखर्च माझा.

ह्याखेरीज अॅल्युमिनियमचा कचरा. रिकामा डबा गवतात पडतो, गवत कापायचं यंत्र त्याचा कीस करतं आणि त्यातला एकेक तुकडा जमिनीखालून चांदीची नक्कल करतो. ह्या विषयावर मी आणखी बोलणार नाही.

मग एके दिवशी यंत्रानं मला थोर इतिहासाशी नेऊन भिडवलं. हिरवळीच्या कडेला आवाज लागला तो तुटेचना. दहा पावलं चाललो, चालूच. वीस पावलं, चालूच. कोपऱ्यावर वळला, पुढे गेला. नाणं इतकं लांब नसतं. विचाराअंती मी ठरवलं की ही साखळी. १७७८ साली वेस्ट पॉइंटला इंग्रजांची जहाजं अडवायला हडसन नदीवर अजस्र लोखंडी साखळी ताणली होती, हे मी नुकतंच वाचलं होतं. ती साखळी नदी सोडून, दुसऱ्या राज्यात येऊन, एका बाईच्या हिरवळीला गोल प्रदक्षिणा का घालत असेल, हा प्रश्न मला पडला नाही. आकडा लोखंडाचा नाही, तांब्याचा येतोय, हेही यंत्र सांगत होतं. मी त्याला म्हटलं, तू गप्प बस. आणि कुदळ घातली.

पहिल्याच घावाला इतिहास तुटला. वर आलं ते हिरव्या प्लास्टिकच्या वेष्टणातल्या तारेचं टोक. जुनं तांबं हिरवं पडतं, हे मला माहीत होतं. प्लास्टिकचं मी नव्यानं शिकलो.

ती तार बिस्किटसाठी होती. इथे कुंपण घालायचं नसेल तर अंगणाभोवती तार पुरतात. कुत्र्याच्या गळपट्ट्याला तिचा इशारा मिळतो, आणि तो रेघेपाशी आला की मानेला हलका झटका बसतो. ८११ ची माणसं सार्वजनिक नळ आणि तारा दाखवतात. मालकानं खासगीत पुरलेली कुत्र्याची तार किंवा बागेच्या फवाऱ्याची नळी त्यांच्या कक्षेत येत नाही. हे मी वाचलं ते संध्याकाळी. बिस्किटला ते दुपारीच कळलं. लक्ष्मणरेषा पुसल्याचं सीतेला कळलं नसतं इतक्या चटकन त्याला कळलं. तो शांतपणे उठला, तुटलेल्या जागेवरून बाहेर पडला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि धावत सुटला.

मागून मी धावलो. खांद्याला यंत्र अडकवलेलं, ते बंद करायला वेळ नव्हता, त्यामुळे ते वाटेतल्या प्रत्येक लोखंडी वस्तूची मोठ्यानं वर्दी देत होतं. शेजारच्या शेतात भोपळे विकायला मांडले होते. लहान मुलांना घेऊन आलेली कुटुंबं होती. त्यांच्यामधून आधी एक प्रचंड कुत्रा गेला आणि त्याच्यामागे किंचाळणारी काठी घेतलेला एक साठीचा गृहस्थ. एका मुलानं आईला काहीतरी विचारलं. आईनं त्याला उचलून गाडीत बसवलं. मी ओढ्यापाशी बसकण मारली तेव्हा बिस्किट पलीकडच्या काठावर उभा राहून माझी वाट बघत होता. त्याला खेळ आवडला होता.

त्याला परत आणलं हिनं. ओसरीवरून उठून ती रस्त्यापर्यंत आली, भाकरवडीचा डबा वाजवला आणि शुद्ध मराठीत "ये रे, ये, खाऊ ये" म्हणाली. तो आला. खाल्ली, सणसणून शिंकला आणि पुन्हा मागितली. बाई म्हणाल्या, ह्यानं आजवर कुणाचं ऐकलेलं नाही. ही म्हणाली, सवय आहे मला. दोघी माझ्याकडे बघत होत्या.

तारेचं दुसरं टोक मातीत मागे गेलं होतं. जोडायचं तर ते उकरायला हवं. कंबर धरून, गुडघ्यावर बसून, कुणी न सांगता खड्डा रुंद करत असताना मातीच्या ढेकळातून एक चकती घरंगळली. चपटी, गोल, हिरवट तपकिरी, दहाच्या नाण्याएवढी. मी ती बाईंकडे नेली. सवयीनं मीच विचारलं, "कुठलं झाकण?"

त्यांनी चष्मा लावला. उलटीपालटी केली. उन्हात तिरकी धरली. मग म्हणाल्या, "हे माझं नाही."

इतक्या शनिवारांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होतो. तिघांनी डोकी जवळ आणली. कवचाखाली उठावाचं काहीतरी होतं, ह्यावर एकमत झालं. मला घोड्याचा कान दिसला, आणि कानाखाली आयाळ. बाईंना बटाटा दिसला. हिनं हात जोडले, तिला गणपती दिसला होता.

ह्यानंतर घरी काय झालं, ते मी थोडक्यात सांगतो. तांबं आणि मराठी माणूस समोरासमोर आले की मध्ये चिंच येतेच. आजीला मी देवाची उपकरणी घासताना बघितलेलं आहे, आईला बघितलेलं आहे, हिला दर दिवाळीला बघतो. ते हात माझ्यात आले. चिंचेचा कोळ, चमचाभर मीठ, थोडा काथ्या. पहिल्या बोटाला हिरवं गेलं, दुसऱ्याला तपकिरी. आतून गुलाबी तांबं हसायला लागलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मी आणखी जोर लावला. घोडा आता कुठल्याही क्षणी वर येणार होता.

पुढच्या आठवड्यात यंत्रवाल्यांच्या बैठकीला गेलो. प्रत्येकानं आपापली वस्तू मखमली डबीतून काढली. मळकट, काळी, हिरवी. माझी लखलखत होती. मी अभिमानानं टेबलावर ठेवली. खोली शांत झाली. एका म्हाताऱ्यानं टोपी काढून हातात घेतली.

मग त्यांनी मला रसायनशास्त्र समजावलं, आजारी माणसाशी बोलतात त्या आवाजात. तांबं दोन शतकं ओल्या, खतं पडलेल्या मातीत राहिलं की वरचा थर खाल्ला जातो. घोडा, नांगर, अक्षरं हे सगळं मग धातूत उरत नाही, त्या हिरव्या-तपकिरी कवचात उरतं. कवच तोच घोडा. म्हणून असलं नाणं पाण्याखालीही जोरात धरायचं नाही, फार तर तेलात मुरत ठेवायचं. "तू काय वापरलंस?" एकानं विचारलं. मी सांगितलं. चिंचेत टार्टारिक आम्ल असतं, हे त्यांच्यातल्या एका माजी रसायनाच्या मास्तरांना माहीत होतं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

निकाल तीन प्रकारे लागला. एक, हे १७८६-८८ चं न्यू जर्सीचं नाणं असू शकेल. दोन, इंग्लंडच्या जॉर्ज राजाचा झिजून गुळगुळीत झालेला अर्धा पेनी असू शकेल. तीन, कोटाचं मागची कडी मोडलेलं बटण असू शकेल. वजन करून पाहिलं. न्यू जर्सीच्या नाण्याचं ठरलेलं वजन दीडशे ग्रेन, म्हणजे पावणेदहा ग्रॅमच्या आसपास. माझं कमी भरलं. कमी झालेलं जमिनीनं खाल्लं की चिंचेनं, ह्यावर बैठकीत दोन तट पडले. टोपी काढलेला म्हातारा शेवटपर्यंत माझ्याशी बोलला नाही.

निम्म्या वाटणीची अट होती, म्हणून चकती घेऊन आम्ही बाईंकडे गेलो. मी सगळं सांगितलं, आम्लापर्यंत. त्या मधेच थांबवून म्हणाल्या, "पण हे इतकं चकचकीत झालं कसं?" आणि हाताला धरून हिला आत घेऊन गेल्या. स्वयंपाकघराच्या तुळईला तांब्याची पातेली टांगलेली होती, लहानमोठी, सासूची, सासूच्या सासूची, सगळी काळी ठिक्कर. बाजारातलं प्रत्येक औषध वापरून त्या थकल्या होत्या. हिनं पदर खोचला. म्हणजे जॅकेटच्या बाह्या वर केल्या, पण आवेश पदराचा होता. संध्याकाळपर्यंत मी मोरीपाशी उभा राहून एकेक भांडं घासत होतो आणि दोघी मागे बसून कुठे राहिलंय ते दाखवत होत्या. ओक ट्री रोडवर चिंच कोणत्या दुकानात चांगली मिळते, हे बाईंनी वहीत लिहून घेतलं. माझ्याच वहीत.

चकतीची वाटणी झाली नाही. ती बाईंच्या चुलीवरच्या फळीवर, सहा चमच्यांशेजारी आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या ती बटण म्हणून दाखवतात.

येत्या शनिवारी त्यांच्या बहिणीकडे बोलावलंय. बहिणीचं घर ह्याहूनही जुनं आहे म्हणतात, आणि मागच्या अंगणात कुणी कधी खणलेलं नाही. मी यंत्राची बॅटरी भरून ठेवली आहे. हिनं दोन किलो चिंच भिजत घातली आहे.